महाविद्यालय बदलताना

(विद्यार्थी दिवसानिमित्त वरंध येथे भरलेल्या संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)





आजची तारीख ७ नोव्हेंबर. सन १९०० मध्ये याच तारखेला सातारा येथील राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. शाळेच्या रजिस्टरात त्या नावासमोर १९१४ हा क्रमांक आहे. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करते. एका मुलाचे नाव शाळेच्या पटावर चढले त्या दिवसाचा साऱ्या राज्याने उत्सव करावा, ही गोष्ट आपल्या समाजाला अभिमानाची आहेच. पण त्याहूनही ती विचार करण्यासारखी आहे.

कारण तो मुलगा त्या शाळेत शेवटपर्यंत राहिला नाही. काही वर्षांनी कुटुंब मुंबईला आले, एल्फिन्स्टन हायस्कूल आले, १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. पुढे एल्फिन्स्टन कॉलेज, मग १९१३ मध्ये न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, १९१६ मध्ये लंडन. बाबासाहेबांचे शिक्षण एका इमारतीत झालेले नाही. ते एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारातून आत जाण्याचे शिक्षण होते. दाखल होण्याच्या दिवसाचा आपण उत्सव करतो. पण दाखला घेऊन निघण्याच्या दिवशी त्या विद्यार्थ्याबरोबर कोण असते? आजच्या भाषणासाठी आम्ही हाच विषय निवडला आहे : एक महाविद्यालय सोडून दुसऱ्यात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींचे अनुभव, आणि त्या वेळी त्यांनी व आपण काय करायला हवे.

काही जणांना वाटेल, हा काय भाषणाचा विषय झाला? हे तर कार्यालयातले काम. परंतु मित्रहो, आमच्या पाहण्यात आपल्या भागातील जी मुले पदवीपर्यंत पोहोचली नाहीत, त्यांतली बरीचशी नापास झालेली नव्हती. ती दोन महाविद्यालयांच्या मध्ये कुठेतरी हरवली. जुन्या महाविद्यालयाच्या पटावरून नाव कमी झाले आणि नव्याच्या पटावर ते चढलेच नाही. नापास झालेल्या मुलाची निदान गुणपत्रिका असते. या मुलांची कोठेच नोंद नाही.

आपल्या भागातील मुलांना महाविद्यालय का बदलावे लागते, हे वेगळे सांगायला नको. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने जगाच्या नकाशावर गेलेल्या महाडमध्ये १९६१ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय सुरू झाले. त्यापूर्वी आपल्या मुलांना मॅट्रिकनंतर मुंबई किंवा पुणे याशिवाय गत नव्हती. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेथे सकाळचे वर्ग ठेवले, म्हणून नोकरी करीत शिकण्याची सोय झाली. आज महाडात आणि पोलादपुरातही पदवीपर्यंतची सोय आहे, लोणेऱ्याला १९८९ च्या कायद्याने झालेले बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तरीही मुले बदलतातच. वडिलांची मुंबईतील नोकरी सुटते किंवा लागते. हवा तो विषय इथे शेवटच्या वर्षाला नसतो. मुंबईला काकांकडे राहून अर्धवेळ काम मिळते. वसतिगृहात नंबर लागतो किंवा लागत नाही. मुलीचे लग्न ठरते. बदलण्यात गैर काहीच नाही. मूल धरसोड करते, असे म्हणून हात झटकू नयेत.

आता आपल्या गावाचे स्थान पाहा. आपला रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठात येतो. त्यामुळे वरंधचा विद्यार्थी महाडहून दादरला गेला, तर तो घरापासून फार लांब जातो, पण विद्यापीठ बदलत नाही. तोच विद्यार्थी वरंध घाट चढून भोरला गेला, तर पुणे विद्यापीठाच्या हद्दीत जातो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर गेला की सातारा जिल्हा लागतो, आणि तेथील बहुतेक महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली आहेत. लोणेऱ्याचे विद्यापीठ तर आपल्या शेजारी, पण ते मुंबई विद्यापीठाहून स्वतंत्र. म्हणजे आपल्याकडे एक घाट ओलांडणे म्हणजे एक विद्यापीठ ओलांडणे. गावात सगळे म्हणतात, भोर जवळ, तिकडे जा. रस्त्याने ते जवळ असेल, आणि तेही पावसाळ्यात घाट चालू असेल तर. कागदाने ते मुंबईपेक्षा दूर आहे.

हा फरक समजून घ्या. त्याच विद्यापीठातील दुसऱ्या महाविद्यालयात जायचे तर जुन्या महाविद्यालयाचा दाखला, ना हरकत प्रमाणपत्र आणि आधीच्या सत्रांच्या गुणपत्रिका हे मुख्य कागद. विद्यापीठच बदलायचे तर याशिवाय जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र लागते आणि नव्या विद्यापीठाकडून पात्रता ठरवून घ्यावी लागते. पात्रता म्हणजे तुम्ही जे शिकलात ते आम्हाला मान्य आहे, असे नव्या विद्यापीठाने म्हणणे. प्रवेश मिळाला आणि पात्रता राहिली, असे झाले तर विद्यार्थी वर्षभर वर्गात बसतो आणि परीक्षेचा अर्ज भरताना किंवा निकालाच्या वेळी अडतो. म्हणून नुसती प्रवेशाची पावती हाती आली म्हणजे काम झाले असे समजू नका. पात्रतेचा अर्ज दिल्याची पोच घ्या आणि तिचा पाठपुरावा करा.

एका मुलाचा अनुभव सांगतो. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. पहिले वर्ष चांगल्या गुणांनी पास झाला आणि घरच्या अडचणीमुळे मुंबईला गेला. तेथील महाविद्यालयात जागा होती, बोलणेही झाले. दाखला मागितला. दाखल्यासाठी तो परत आला, तर ग्रंथालयाची दोन पुस्तके जमा करायची राहिली होती आणि ती मुंबईच्या खोलीवर. पुन्हा मुंबई, पुन्हा गाव. तेवढ्यात प्रवेशाची शेवटची तारीख टळली. यात कोणत्याही महाविद्यालयाचा दोष नव्हता, नियमाप्रमाणेच सारे घडले. पण दोन पुस्तकांपायी एक वर्ष गेले आणि त्या वर्षात तो एका गोदामात कामाला लागला. पगार सुरू झालेल्या मुलाला पुन्हा वर्गात आणणे किती अवघड असते, हे येथे बसलेल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे.

म्हणून पहिला नियम असा : महाविद्यालय सोडण्याचा विचार मनात आला की निकालाची वाट न पाहता ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह यांचा हिशेब मिटवून टाका. दुसरा नियम : ज्या महाविद्यालयात जायचे तेथे तुमचे विषय आहेत का, हे पाहून मगच जुना दाखला काढा. दुसऱ्या वर्षापर्यंत भूगोल घेतलेल्या विद्यार्थ्याला नव्या ठिकाणी भूगोलच नाही, अशी स्थिती येते. पालीचेही तसेच, ती सर्व ठिकाणी नाही. तिसरा नियम एटीकेटीवाल्यांसाठी : राहिलेल्या विषयाची परीक्षा कोठे द्यायची आणि अर्ज कोणत्या महाविद्यालयातून भरायचा, हे तोंडी न विचारता लेखी विचारा.

मूळ कागदांविषयी एक गोष्ट फारच थोड्यांना माहीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये असे स्पष्ट केले आहे की, उच्च शिक्षण संस्थेने प्रवेशाच्या वेळी मूळ प्रमाणपत्रे तपासून विद्यार्थ्याला परत द्यावीत, ती अडकवून ठेवू नयेत. त्याच वेळी शुल्क परतीचेही प्रमाण ठरवले गेले. प्रवेशाच्या जाहीर झालेल्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा अधिक आधी प्रवेश रद्द केला तर अल्पसे प्रक्रिया शुल्क वगळून पूर्ण रक्कम, १५ दिवसांच्या आत पण तारखेपूर्वी केला तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यानंतर ३० व्या दिवसापर्यंत ५० टक्के, आणि पुढे काही नाही. म्हणजे एका ठिकाणी पैसे भरले, आता ते बुडाले, असे समजून नको असलेल्या ठिकाणी अडकून पडण्याचे कारण नाही. अर्ज लेखी द्या, त्यावर तारखेचा शिक्का घ्या. आपल्या माणसाला तोंडी विनवणी करण्याची सवय फार जुनी आहे. अर्ज देणे ही विनवणी नव्हे, तो हक्क आहे.

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक नाजूक बाब आहे, ती म्हणजे दाखल्यावरील धर्म आणि जात यांची नोंद. धर्मांतरानंतर कोणाच्या दाखल्यावर बौद्ध, कोणाच्या नवबौद्ध, कोणाच्या हिंदू महार, तर एकाच घरातील दोन भावंडांच्या दाखल्यांवर दोन नोंदी, असे आजही आढळते. महाराष्ट्राने नवबौद्धांच्या सवलती आधीपासून मान्य केल्या होत्या. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० मध्ये झाला. हक्क मिळाला, पण कागद जुळला पाहिजे. महाविद्यालय बदलताना कारकून जुन्या दाखल्यावरून नवी नोंद करतो आणि तेथे एखादा शब्द गळला, की तो पुढच्या प्रत्येक कागदावरून गळतो. मग जात वैधता प्रमाणपत्राच्या वेळी धावपळ. दाखला हातात पडताच खिडकीपाशी उभे राहून तो अक्षर न् अक्षर वाचा. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात. चूक असेल तर तेथल्या तेथे दुरुस्ती मागा. नंतर ती फार महाग पडते.

कागद सांभाळण्याविषयी आपल्या तालुक्याला कोणी शिकवावे अशी स्थिती नाही. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुराखाली गेले, आणि २२ जुलैला आपल्या शेजारच्या तळियेवर दरड कोसळली. जेथे माणसेच गेली तेथे कागदांचे दुःख कोण करणार? परंतु मागे राहिलेल्यांना जगायचे होते, शिकायचे होते, आणि पुराचा चिखल काढल्यावर घराघरांतून भिजलेल्या गुणपत्रिका उन्हात वाळत घातलेल्या होत्या. आता दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळतात. ते खाते प्रत्येकाने उघडावे. तरीही मूळ दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात.

आता पैशाकडे वळू. आम्ही बँकेत कारकून आहोत. शिष्यवृत्ती आली का, असे विचारायला येणारी मुले रोज पाहतो, म्हणून याबाबत थोडे अधिकाराने बोलतो.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आपल्यापैकी किती घरांतील पहिला पदवीधर या शिष्यवृत्तीवर झाला, ते मोजायला बसलो तर रात्र सरेल. या योजनेच्या नियमांत अशी तरतूद राहिली आहे की, पूर्वपरवानगीशिवाय विषय किंवा संस्था बदलल्यास शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते, आणि वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडल्यास रक्कम परत मागितली जाऊ शकते. याचा अर्थ बदलू नये असा नाही. याचा अर्थ, बदल कळवावा. जुन्या महाविद्यालयातील शिष्यवृत्तीच्या टेबलावर सांगा, नव्या महाविद्यालयातही सांगा, आणि महाडीबीटीवरील अर्जात नवी संस्था, नवा अभ्यासक्रम बरोबर भरला आहे की नाही हे स्वतः पाहा. सायबर कॅफेवाल्याच्या हाती सारे सोपवून चहा प्यायला जाऊ नका.

बँकेची गोष्ट अशी. मुलगा गावी असताना त्याचे एक खाते असते. मुंबईला किंवा पुण्याला गेला की तो तेथे दुसरे खाते उघडतो आणि तेथेही आधार क्रमांक देतो. एका आधारवर अनेक खाती असू शकतात, पण शासनाचा थेट लाभ एकाच खात्यात जातो, ज्या बँकेत आधार शेवटी संलग्न केला त्याच. मुलगा गावच्या खात्याचे पासबुक भरून घेतो आणि पैसे आले नाहीत म्हणून खिन्न होतो. पैसे आलेले असतात, पण दुसऱ्या खात्यात. कधी उलटही होते. जे खाते आधारशी जोडलेले आहे त्यात दोन वर्षे त्याने स्वतः काहीच व्यवहार केलेला नसतो, म्हणून ते निष्क्रिय झालेले असते. तेव्हा महाविद्यालय बदलताना बँकेत जाऊन एवढेच विचारा : माझा आधार सध्या कोणत्या बँकेशी जोडलेला आहे? खाते चालू आहे का? हे विचारायला पाच मिनिटे लागतात. न विचारल्यास वर्षभराची फी अडू शकते.

वसतिगृहाचेही असेच. समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही म्हणून अनेक मुले परत येतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याला मुंबई, पुण्यासारख्या शहरात भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. गुण, उत्पन्न, अंतर यांच्या अटी आहेत, त्या त्या वर्षी वाचून घ्याव्यात. पण रक्कम खोलीचे भाडे देण्याच्या दिवशी येत नाही, उशिरा येते. तो मधला काळ कसा काढायचा, हा खरा प्रश्न आहे. त्याकडे शेवटी येतो.

कागद आणि पैसा यांची व्यवस्था झाली तरी मुलगा टिकेलच असे नाही. दोन गोष्टी उरतात : भाषा आणि सोबत.

मराठीतून शिकलेला मुलगा शहरातील वर्गात बसतो. प्राध्यापक इंग्रजीतून बोलतात, बाजूची मुले इंग्रजीतून विनोद करतात. पहिला महिना त्याला वाटते, आपल्याला काही येत नाही. वास्तविक त्याला विषय येत असतो, शब्द येत नसतात. सामाजिक शास्त्रांच्या बहुतेक विषयांत उत्तरे मराठीतून लिहिता येतात, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. अशा विद्यार्थ्याने पहिल्या दोन महिन्यांत एक वही करावी, प्रत्येक विषयातील इंग्रजी संज्ञा आणि तिचा मराठी अर्थ समोरासमोर लिहावा. शंभर-दीडशे शब्दांत एक विषय मोकळा होतो.

सोबतीची गोष्ट अधिक अवघड. गावातील महाविद्यालयात सर्वजण सर्वांना ओळखतात. त्याचा काच असतो, पण आधारही असतो. नव्या ठिकाणी पहिला प्रश्न येतो, आडनाव काय? दुसरा, गाव कोणते, गावात घर कुठल्या बाजूला? विचारणारा सहज विचारतो असे म्हणावे, तर उत्तर मिळाल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा बदल सहज नसतो. शिष्यवृत्तीच्या मुलांची नावे भर वर्गात मोठ्याने वाचली जातात. अशाच एका मुलाने आम्हाला सांगितले, तेथे मला कोणी वाईट बोलले नाही, पण कोणी माझ्याशी बोललेही नाही. तो दिवाळीला गावी आला तो गेलाच नाही. गावात जो तो त्याला विचारी, सुट्टी किती दिवस? परत कधी जाणार, हे विचारायला कोणी नव्हते.

शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाचे रूप उघडे होते. चवदार तळ्याच्या परिषदेच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा, ते आपल्याच तालुक्यातील रामचंद्र बाबाजी मोरे लहानपणी शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाले होते. तरी महाडच्या इंग्रजी शाळेत त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्या मुलाने हार मानली नाही, वृत्तपत्रात पत्र पाठवून दाद मागितली, आणि प्रवेश मिळवला. वर्गात मात्र इतरांपासून वेगळे बसावे लागले. आज प्रवेश कोणी नाकारत नाही. पण वेगळे बसणे संपले का, हे नव्या महाविद्यालयात पहिल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत एकट्या बसलेल्या मुलाला विचारा.

मुलींविषयी वेगळे बोलायलाच हवे. मुलाचे महाविद्यालय बदलते ते बहुधा नोकरीमुळे, मुलीचे बदलते ते लग्नामुळे. दुसरे वर्ष झाले, स्थळ चांगले आले, पोरगी घाटावर दिली. सासरचे म्हणतात, शिकवू की. त्यांच्या मनातही खोट नसते. पण दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता, यांसाठी नवी सून महाडला चार खेपा कशी घालणार? त्यात नाव बदलते. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच. आमच्या माहितीतील एका मुलीचे शिक्षण असेच दोन वर्षे थांबले होते. पुढे तिने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण केली. तिच्या जिद्दीचे कौतुक आहे. परंतु सर्वांनाच अशी जिद्द हवी, अशी अट समाजाने का घालावी? ज्या घरात मुलीचे लग्न शिक्षण पुरे होण्याआधी ठरते, त्या घराने लग्नपत्रिका छापण्यापूर्वी तिचे दाखले काढून तिच्या हाती द्यावेत आणि पदवी होईपर्यंत शैक्षणिक कागदांवर नाव बदलू नये. मंगलपरिणय बौद्ध पद्धतीने केला म्हणजे कर्तव्य संपले असे नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने काही वाटा मोकळ्या केल्या आहेत. २०२१ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची पेढी सुरू केली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक तेथे त्याच्या नावावर जमा होतात आणि संस्था बदलली तरी सात वर्षांपर्यंत ते उपयोगात आणता येतात. ठरलेल्या अटी पूर्ण करून पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते आणि पुन्हा आतही येता येते. योजना चांगली आहे. पण आम्ही बँकेतले लोक एवढे जाणतो की, खाते उघडले म्हणजे शिल्लक वाढत नाही. आपले श्रेयांक जमा झाले की नाहीत, हे प्रत्येक सत्रानंतर पाहायला हवे. आणि एक धोका आहे. बाहेर पडण्याची वाट सोपी झाली की गरिबाच्याच मुलाला आधी बाहेर काढले जाते. एक वर्षाचे प्रमाणपत्र मिळाले ना, आता कामाला लाग, असे म्हणणारे घरातच निघतात. परतीची वाट कागदावर आहे, ती पायाखाली यायला घरच्यांचा निश्चय लागतो.

येथे बाबासाहेबांच्या आयुष्यातील एक प्रसंग विद्यार्थ्यांनी मनावर कोरून ठेवावा. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले. वर्ष होते न होते तोच बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. पुस्तके ज्या जहाजाने पाठवली ते जहाजही बुडाले. एखादा म्हणाला असता, संपले. पण निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केले होते. लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांपर्यंत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवली होती. मग बडोद्यातील अपमान आला, मुंबईतील सिडनहॅम महाविद्यालयातील नोकरी आली, काटकसर आली. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, यांच्या बळावर १९२० मध्ये ते त्याच दारात परत उभे राहिले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी.

या प्रसंगातून तीन गोष्टी दिसतात. जाताना त्यांनी परत येण्याची परवानगी कागदावर घेतली. मधला काळ त्यांनी वाया घालवला नाही, परतीसाठी पैसा साठवला. आणि त्यांच्यामागे कोणीतरी उभे राहिले, एक राजा आणि एक मित्र. बाबासाहेबांच्या विद्वत्तेची बरोबरी आपण करू शकणार नाही. पण त्यांची ही पद्धत वरंधच्या कोणत्याही मुलाला आचरता येईल. सोडावेच लागले तर दार आपटून जाऊ नका आणि गुपचूप नाहीसेही होऊ नका. लेखी सांगून जा, दाखला घेऊन जा, परत यायची मुदत विचारून जा.

पहिल्या दोन गोष्टी विद्यार्थ्याच्या हातात आहेत. तिसरी, मागे उभे राहण्याची, ही आपली आहे. भगवान बुद्धांनी आनंदाला सांगितले होते की, कल्याणमित्र लाभणे हे धम्मजीवनाचे अर्धे नव्हे, पूर्ण साधन आहे. आपल्या संस्थेने विद्यार्थ्याचा कल्याणमित्र व्हावे. त्यासाठी मोठी इमारत नको. चार गोष्टी सुचवतो.

पहिली, संस्थेने एक नोंदवही ठेवावी. बारावीनंतर कोण कोठे गेला, कोणत्या वर्षाला आहे, कोणाचे महाविद्यालय बदलते आहे, याची नोंद दर जून आणि दर दिवाळीला व्हावी. दिवाळीला आलेल्या प्रत्येक मुलाला विचारावे, परत कधी जाणार? दुसरी, ज्यांची इच्छा असेल त्यांच्या दाखल्यांच्या व गुणपत्रिकांच्या प्रती संस्थेच्या फाइलीत सुरक्षित ठेवाव्यात. तिसरी, मुंबई मंडळाने व गावकरी मंडळाने मिळून एक उसनवार निधी उभा करावा. प्रवेशाचा दिवस आणि शिष्यवृत्ती जमा होण्याचा दिवस यांच्यामधला काळ काढण्यापुरती रक्कम द्यावी, ती शिष्यवृत्ती आल्यावर परत घ्यावी आणि पुढच्या विद्यार्थ्याला द्यावी. हिशेब लिहून ठेवण्याचे काम आम्ही आनंदाने करू. चौथी, मुंबई आणि पुण्यातील आपल्या पदवीधरांनी प्रत्येकी एका नव्या विद्यार्थ्याची पहिल्या सत्रापुरती जबाबदारी घ्यावी. पूर्वी वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत कोकणातील गावांच्या खोल्या असत. तेथे गावचा मुलगा आला की आठ-दहा माणसांत त्याला झोपायला जागा होई, आणि कॉलेजला दांडी मारली तर संध्याकाळी जाब विचारणारेही असत. खोल्या आता राहिल्या नाहीत, विचारणारे मात्र राहिले पाहिजेत.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, तुमच्यातील काहीजण येत्या जूनमध्ये महाविद्यालय बदलणार आहेत. भाषण संपल्यावर घरी गेलात की आपला दाखला आणि गुणपत्रिका काढून एकदा नीट वाचा. काही शंका असेल तर उद्या सकाळी विहारात या, आम्ही बसणार आहोत. सोबत पासबुकही आणा.